टेम्पोचा रंग का सुटतो?

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोंकडे जरा नीट पाहा. एखाद्याच्या दाराच्या खालच्या कडेला फोड आलेले दिसतील. एखाद्याच्या टपावरचा रंग कांद्याच्या सालीसारखा उडालेला दिसेल. एखाद्याच्या फाळक्यावर तांबडे ओघळ आलेले असतील. मालकाला विचारा. तो म्हणेल, "गाडी जुनी झाली. रंग जायचाच."

पण तसे नाही. शेजारीच तेवढ्याच वयाची दुसरी गाडी उभी असते आणि तिचा रंग शाबूत असतो. दोन्ही गाड्या त्याच उन्हात फिरल्या, त्याच पावसात भिजल्या. मग एकीचाच रंग का गेला? या धड्यात आपण त्याचे कारण पाहू. उपायही पाहू.

टेम्पो आणि आपला संसार

१९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. जर्मनीतल्या टेम्पो कारखान्याच्या मदतीने तिने तीन चाकांच्या मालगाड्या बनवल्या. पुढे लहान मालगाडी कोणत्याही कंपनीची असो, आपण तिला टेम्पोच म्हणू लागलो. २००५ साली टाटा एस ही लहान चारचाकी गाडी आली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. भाजी, दूध, मासळी, विटा, मांडवाचे सामान, सगळे या गाड्यांतून जाते.

बहुतेक लोक अशी गाडी कर्ज काढून घेतात. दर महिन्याला हप्ता भरावा लागतो. हप्ते फिटायच्या आधीच गाडीचा पत्रा सडला तर काय होईल? गाडी गॅरेजमध्ये पडून राहील. भाडे बुडेल. हप्ता मात्र चुकणार नाही. म्हणून रंगाची गोष्ट केवळ शोभेची नाही. ती पोटाची गोष्ट आहे.

रंग किती जाड असतो?

गाडीचा पत्रा पोलादाचा असतो. पोलादाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. रंग या दोघांना पत्र्यापासून दूर ठेवतो. रंग म्हणजे पत्र्याचा रेनकोटच.

कारखान्यात हा रंग एकाच थरात देत नाहीत. आधी पत्रा धुऊन त्यावर रसायनाचा हात देतात. मग सांगाडा रंगाच्या मोठ्या टाकीत बुडवतात आणि त्यात वीज सोडतात. विजेच्या जोराने रंग कानाकोपऱ्यांत जाऊन बसतो. मग तो भट्टीत भाजतात. हा तळचा थर. त्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि पुष्कळ गाड्यांना सर्वांत वर एक चकाकणारा पारदर्शक थर देतात. एवढे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण एक दशांश मिलिमीटर. आपल्या डोक्याच्या केसाहून फारशी जास्त नाही!

एवढ्या पातळ कवचावर आपण मालाचे क्रेट घासतो, दोर करकचून आवळतो, फाळका आपटतो. चाकांनी उडालेले खडे त्याला लागतात. एक टवका उडाला की पाण्याला वाट मिळते.

रंग खालून सुटतो

आता मुख्य गोष्ट ऐका. रंग सुटलेला वरून दिसतो, पण बहुधा तो खालून सुटतो.

टवक्यातून पाणी आत गेले की पत्रा गंजतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि रंगाला वर उचलतो. म्हणून आधी फोड येतो. फोडाखाली पाणी साचते. गंज बाजूला सरकतो. बाहेरून रुपयाएवढा डाग दिसतो, पण आत तळहाताएवढा पत्रा खराब झालेला असतो.

मिठाने हे काम फार लवकर होते. समुद्रकाठच्या हवेत मीठ असते. मासळीच्या टेम्पोत बर्फाचे खारे पाणी सांडते. मीठ ओल धरून ठेवते. म्हणून कोकणातल्या मासळीच्या गाडीचा हौदा तळापासून सडत येतो. युरियासारखे खत सांडले आणि तसेच राहिले, तरी पत्र्याचे नुकसान होते.

दाराच्या खालच्या कडेला लहान भोके असतात. काचेवरून आत गेलेले पाणी त्यांतून बाहेर पडावे म्हणून ती ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दारात पाणी साचते आणि दार आतून गंजू लागते. बाहेरून कितीही रंग लावा, फोड पुन्हा येणारच.

कॅरिअर किंवा शिडी बसवताना आपण पत्र्याला भोके पाडतो. वेल्डिंग केले की त्या जागेचा रंग आतून आणि बाहेरून जळतो. अशा उघड्या जागांना रंग लावायचे राहून जाते. गंज तिथूनच सुरू होतो.

कोणता थर उघडा पडला?

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. आपणही आधी सुटलेल्या जागेखाली काय दिसते ते पाहावे.

१. वरचा चकाकणारा पापुद्रा निघाला आहे, पण खाली रंग आहे. हे उन्हाचे काम. टपावर आणि बॉनेटवर ऊन थेट पडते, म्हणून ते आधी तिथे दिसते.

२. रंग मोठ्या पापुद्र्यांनी निघाला आहे आणि खाली राखाडी, गुळगुळीत थर दिसतो. गंज नाही. इथे दोन थरांची एकमेकांवरची पकड सुटली आहे. काही पांढऱ्या गाड्यांना असे होते. वरचे थर पातळ पडले असतील तर उन्हाचे किरण तळच्या थरापर्यंत पोचतात आणि त्याची पकड ढिली करतात. गाडी नवी असेल आणि असे झाले, तर हमीचा कागद काढून वाचा. फोटो काढा. विक्रेत्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला पुरावा राहत नाही.

३. नवा रंग निघाला आणि खाली गाडीचा जुना रंग दिसतो आहे. म्हणजे जुना रंग न घासता किंवा तेलकट असतानाच त्यावर नवा रंग मारला होता.

४. खाली तांबडी भुकटी आहे. हा गंज. याला एक दिवसही थांबू नका.

पासिंग आठ दिवसांवर

एका टेम्पोवाल्याच्या गाडीला नऊ वर्षे झाली होती. आठ वर्षांनंतर मालगाडीचे पासिंग दरसाल करावे लागते. पासिंग आठ दिवसांवर आले, तेव्हा तो रंगाऱ्याकडे गेला.

टेम्पोवाला : मामा, गाडीला सगळीकडून एक हात मारून द्या. उद्या संध्याकाळी न्यायला येतो.

रंगारी : उद्या? अरे भाऊ, हा हौद्याचा कोपरा बघ. बोट लावलं तर पापुद्रा हातात येतोय.

टेम्पोवाला : त्यावरनंच मारा की. वरनं झाकलं म्हणजे झालं.

रंगारी : मागच्या साली पण असंच झाकलं होतंस ना? दिवाळीपर्यंत तरी टिकला का?

टेम्पोवाला : नाही टिकला. गणपतीतच फोड आले.

रंगारी : येणारच. गंज म्हणजे भुगा. भुग्यावर रंग मारला तर तो भुग्याला चिकटतो, पत्र्याला नाही. भुगा सुटला की रंगही गेला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

टेम्पोवाला : पण मामा, चार दिवस गाडी उभी ठेवली तर भाडं बुडतं. घरी हप्त्याचं कसं करू?

रंगारी : खरं आहे तुझं. मग असं कर. सगळी गाडी रंगवू नकोस. तुझ्या गाडीचा खरा रोग तीन जागी आहे. हौद्याचा कोपरा, डावं दार आणि मागचं मडगार्ड. तेवढ्याच जागा पत्र्यापर्यंत घासू. प्राइमर देऊ, मग रंग देऊ. दोन दिवस लागतील. बाकीची गाडी नुसती धुऊन घे.

टेम्पोवाला : रंगात फरक दिसंल की.

रंगारी : थोडा दिसंल. माल वाहणाऱ्या गाडीला नवरीसारखं नटवायचं नाही. पत्रा वाचला पाहिजे.

टेम्पोवाल्याने हिशेब केला. गेल्या तीन वर्षांत त्याने तीनदा घाईने रंग मारून घेतला होता आणि तिन्ही वेळा पैसे पाण्यात गेले होते. तो म्हणाला, "घासा मामा. दोन दिवस गाडी तुमची."

काम कसे करावे?

रंगाऱ्याने पुढीलप्रमाणे काम केले. तुम्हीही लहान जागा घरी अशीच दुरुस्त करू शकाल.

पहिले काम धुण्याचे. साबणाच्या पाण्याने जागा धुवा. मग स्वच्छ पाण्याने धुवा. तेलकटपणा गेला की नाही हे पाणीच सांगते. पाणी सगळीकडे सारखे पसरले तर जागा स्वच्छ. पाण्याचे थेंब-थेंब झाले तर तेल किंवा पॉलिश अजून शिल्लक आहे. पुन्हा धुवा.

दुसरे काम, सुटलेला रंग काढण्याचे. कडा घट्ट लागेपर्यंत खरवडत जा. मग त्या कडेवर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर रंग निघाला तर आणखी खरवडा.

तिसरे काम गंज काढण्याचे. तारेच्या ब्रशाने आणि ८० नंबरच्या खरखरीत कागदाने पत्रा चकाकेपर्यंत घासा. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरले तर गंजावर लावायचे रसायन मिळते, ते लावा. पत्र्याला भोक पडले असेल तर तिथे नवा तुकडा जोडून घ्या. पुट्टीने भोक बुजवू नका. पुट्टी पाणी शोषून घेते आणि आतून गंज वाढतो.

चौथे काम, कडा उतरत्या करण्याचे. २४० नंबरच्या कागदाने जुन्या रंगाची कड अशी घासा, की बोट फिरवले तर पायरी लागू नये. पायरी राहिली तर तिथूनच रंग पुन्हा उचलतो.

पाचवे काम प्राइमरचे. चकाकणारा पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका. दमट हवेत तो रातोरात लाल पडतो. त्याच दिवशी प्राइमर लावा. रेड ऑक्साइड स्वस्त असतो. दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर महाग असतो, पण तो पाणी जास्त चांगले अडवतो. मिठाशी संबंध येणाऱ्या गाडीला इपॉक्सीच द्यावा.

सहावे काम रंगाचे. प्राइमर वाळल्यावर ४०० नंबरच्या कागदाने हलक्या हाताने घासा, पुसा आणि रंग द्या. एक जाड हात देऊ नका. दोन-तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ थांबा. घाई केली तर वरचा थर वाळतो आणि खालचा ओलाच राहतो.

रंगवायची वेळही पाहावी. पत्र्याला हात लावा. चटका बसला तर रंगवू नका. सावलीत, सकाळी ऊन तापण्याआधी काम करा. पावसाची झड लागली असेल तर थांबा. पावसाळ्यापूर्वीच डागडुजी उरकणे सर्वांत चांगले.

डबा वाचायला शिका

अक्षर ओळखता येऊ लागले म्हणजे रंगाचा डबा वाचता येतो. डब्यावर चार गोष्टी शोधा. रंग कोणत्या जातीचा आहे? त्यात काय आणि किती मिसळायचे? दुसरा हात किती वेळाने द्यायचा? आणि डबा कोणत्या तारखेपर्यंत चांगला आहे?

जात पाहणे फार जरुरीचे आहे. जुना सिंथेटिक इनॅमल रंग असेल आणि त्यावर एन. सी. रंग मारला, तर त्यातल्या थिनरने खालचा रंग फुगतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. शंका असेल तर फडक्याला थोडे थिनर लावून कोपऱ्यात घासून पाहा. जुना रंग सुटला किंवा मऊ झाला तर आधी रंगाऱ्याला विचारा.

मिसळण्याचे प्रमाणही अंदाजाने धरू नका. समजा डब्यावर ४ : १ असे लिहिले आहे. म्हणजे चार भाग रंग आणि एक भाग हार्डनर. ८०० मिलिलिटर रंग असेल तर २०० मिलिलिटर हार्डनर घ्या. हार्डनर कमी पडला तर रंग नीट कडक होत नाही.

जिवाला जपा

रंग घासताना उडणारी धूळ छातीत जाते. काही रंगांत शिसे असते. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा फार धोका असतो. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि शोभेच्या रंगांत दहा लाख भागांना ९० भागांहून जास्त शिसे चालत नाही. पण हा नियम घरच्या रंगांचा आहे. गाडीच्या रंगात, विशेषतः जुन्या रंगात, शिसे असू शकते. म्हणून जुना रंग पाणी लावून घासा. गंज काढलेली जागा मात्र लगेच कोरडी करा. खाली फाटके प्लास्टिक अंथरा आणि चोथा गोळा करा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. हात धुतल्यावाचून भाकरीला हात लावू नका.

हार्डनर घालून फवारायचा रंग आणखी जपून वापरावा. पुष्कळ हार्डनरांत असे द्रव्य असते, की त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो. एकदा दमा जडला की तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला रुमाल बांधून हे द्रव्य अडत नाही. असे काम ज्याच्याकडे हवेशीर जागा आणि योग्य मास्क आहे, त्याच रंगाऱ्याकडून करून घ्या. विडी-सिगारेट जवळ नको. थिनर पेट घेते.

रोजची निगा

आठवड्यातून एकदा गाडी धुवा. खालची बाजू आणि चाकांवरचे मडगार्ड विसरू नका. मासळी, मीठ किंवा खत वाहिले असेल तर त्याच दिवशी हौदा गोड्या पाण्याने धुवा आणि फाळका उघडा ठेवून वाळू द्या.

दाराच्या खालची भोके काडीने मोकळी करा. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक लगेच ओल्या फडक्याने काढा. दोर घासतो तिथे रबराचा तुकडा लावा. जमले तर गाडी सावलीत उभी करा.

पुष्कळ लोक चकाकी यावी म्हणून गाडीला रॉकेल किंवा डिझेल पुसतात. तसे करू नका. चकाकी दोन दिवस राहते. तेलकट थरावर धूळ बसते आणि पुढे नवा रंग तिथे धरत नाही.

महिन्यातून एकदा गाडीभोवती एक फेरी मारा. बोट फिरवून पाहा. टवका दिसला तर लगेच घासून प्राइमर आणि रंगाचा ठिपका द्या. माणसाने दुखणे अंगावर काढू नये, तसे गाडीचेही काढू नये.

आणखी एक गोष्ट. गाडीचा सगळा रंग बदलून दुसरा द्यायचा असेल तर आधी आरटीओला कळवा. गाडीच्या नोंदणीत रंगाची नोंद असते.

ध्यानात ठेवा

रंग खालून सुटतो. म्हणून खालचे काम आधी नीट करा.
गंजावर रंग मारू नका.
सगळी गाडी घाईने रंगवण्यापेक्षा रोगट जागा नीट करा.
डबा वाचा. माप पाहा. वेळ पाळा.

प्रश्न

१. गंज रंगाला वर कसा उचलतो?
२. दाराच्या खालच्या कडेला भोके कशासाठी असतात?
३. पाण्याचे थेंब-थेंब झाले तर काय समजावे?
४. रंगाऱ्याने टेम्पोवाल्याला सगळी गाडी का रंगवू दिली नाही?
५. हिशेब करा : डब्यावर ४ : १ लिहिले आहे. रंग ६०० मिलिलिटर आहे. हार्डनर किती घ्यावा?
६. हिशेब करा : समजा, घाईच्या रंगाला दर वर्षी ६,००० रुपये लागतात. नीट केलेल्या कामाला एकदाच १०,००० रुपये लागतात आणि ते तीन वर्षे टिकते. तीन वर्षांत किती रुपये वाचतील?

करून पाहा

तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीभोवती फेरी मारा. ज्या जागी रंग सुटला आहे, त्या जागांची नावे वहीत लिहा. प्रत्येक नावापुढे खाली कोणता थर दिसतो ते लिहा. तारीख घाला. पुढच्या महिन्यात त्याच जागा पुन्हा पाहा आणि डाग वाढला की तेवढाच आहे, ते लिहून ठेवा.